विषयांतर : दोष कोणता, गुण कोणता

मराठी माणसाच्या रोजच्या बोलण्यात ‘विषयांतर’ हा शब्द बहुतेक वेळा तक्रार म्हणून येतो. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवर चर्चा चालू असते, कोणी वाहनतळाचा प्रश्न काढतो आणि अध्यक्ष म्हणतात, “विषयांतर नको.” शिक्षक निबंधाच्या वहीत समासात तोच शब्द लिहितात. व्याख्याता स्वतःच “थोडे विषयांतर होते आहे, पण सांगतो” अशी आगाऊ माफी मागतो. मूळ विषय सोडणे हीच चूक, असे आपण सगळ्यांनी गृहीत धरले आहे. हे गृहीतक तपासून पाहण्याजोगे आहे. या शब्दाची घडण, मराठीतले त्याचे शेजारी शब्द, आपल्याकडचे वादशास्त्र, महाभारतासारखा ग्रंथ आणि कीर्तनासारखी जिवंत परंपरा यांचा पुरावा एकत्र ठेवला, तर वेगळा निष्कर्ष निघतो. विषय सोडणे हा मुळात दोष नाही. दोष ठरतो तो संबंध नसताना विषय सोडण्यात, आणि सोडल्यावर परत न येण्यात.

आधी शब्दाकडे पाहू. संस्कृतात ‘अंतर’ हे पद समासाच्या शेवटी आले की त्याचा एक अर्थ ‘दुसरा’ असा होतो. देशांतर म्हणजे दुसरा देश, जन्मांतर म्हणजे दुसरा जन्म, तसे विषयांतर म्हणजे दुसरा विषय. मराठीने ही घडण उचलली आणि तिला बहुधा क्रियेचा अर्थ दिला. म्हणून मराठीत स्थलांतर म्हणजे दुसरी जागा नसून जागा बदलणे. भाषांतर, रूपांतर, वेषांतर, धर्मांतर, पक्षांतर, सत्तांतर हे सगळे बदलाचे शब्द आहेत. यांतला एकही शब्द स्वतःहून निंदा करत नाही. पक्षांतराला आपण नावे ठेवतो ती त्यामागच्या हेतूमुळे, आणि भाषांतराचे कौतुक करतो ते त्याच्या फळामुळे. विषयांतराची गोष्ट वेगळी असण्याचे कारण नाही. विषय बदलला, एवढीच नोंद हा शब्द करतो. बदल योग्य की अयोग्य, याचा निवाडा संदर्भ पाहूनच करावा लागतो. आपण मात्र नोंदीलाच निकाल समजू लागलो आहोत.

मराठीचा शब्दसंग्रह या बाबतीत आपल्यापेक्षा अधिक काटेकोर आहे. बोलणे मूळ मुद्द्यापासून सुटण्याचे जेवढे प्रकार आहेत, तेवढ्यांसाठी तिच्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. ‘पाल्हाळ’ हा लांबीचा दोष आहे; विषयाला घट्ट धरूनही पाल्हाळ लावता येते आणि दोन वाक्यांतही विषयांतर होऊ शकते. ‘चऱ्हाट’ म्हणजे न संपणारे, कंटाळवाणे बोलणे. ‘नमनाला घडाभर तेल’ ही प्रस्तावनेच्या अतिरेकावरची टीका आहे. ‘फाटे फोडणे’ यात हेतू दिसतो: प्रश्न सुटू नये म्हणून त्यातून नवे प्रश्न काढणे. ‘बगल देणे’ यात अंग चोरण्याचा भाव आहे. ‘भरकटणे’ आणि ‘वाहवत जाणे’ यांत हेतू नाही, पण ताबाही नाही. ‘आडकथा’ म्हणजे मुख्य कथेच्या मधे येणारी दुसरी कथा, आणि ती रंगली तर ऐकणारा खूशच असतो. ‘अवांतर’ हा शब्द तर खर्चाला लागला की किरकोळ ठरतो आणि वाचनाला लागला की प्रतिष्ठित. ज्या शाळेत विषयांतराबद्दल गुण कापले जातात, त्याच शाळेत अवांतर वाचनाचा आग्रह धरला जातो. क्रियापदाची निवडसुद्धा बोलकी आहे. ‘विषयांतर झाले’ असे म्हणताना आपण ओघाला जबाबदार धरतो, ‘विषयांतर केले’ म्हणताना माणसाला. म्हणजे लांबी, हेतू, ताबा आणि संबंध असे चार निकष भाषेने आधीच वेगळे काढून ठेवले आहेत. सगळ्यांवर विषयांतराचा एकच शिक्का मारला, तर हे भेद पुसले जातात.

विषयांतर दोषच आहे असे मानणाऱ्यांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा भारतीय वादशास्त्रात मिळतो, म्हणून तो टाळून चालणार नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थाने सांगितली आहेत. निग्रहस्थान म्हणजे वादात जिथे सापडले की पराभव मानला जातो, ती जागा. त्यांपैकी एकाचे नाव ‘अर्थांतर’. वात्स्यायनाच्या भाष्यात याचे सुरेख उदाहरण आहे. एक वादी म्हणतो की शब्द नित्य आहे आणि त्याला स्पर्श नसणे हा त्याचा हेतू, म्हणजे कारण. इथवर ठीक. पण पुढे तो ‘हेतु’ हा शब्द कोणत्या धातूपासून, कोणता प्रत्यय लागून झाला ते सांगू लागतो; तिथून पद म्हणजे काय, नाम आणि आख्यात, उपसर्ग आणि निपात कशाला म्हणतात, अशा व्याकरणाच्या चर्चेत शिरतो. त्याने सांगितलेले व्याकरण खोटे नाही. तरीही तो हरला, कारण शब्द नित्य आहे की नाही या प्रश्नाशी त्याचा काही संबंध उरला नाही. याच यादीत ‘विक्षेप’ नावाचे आणखी एक निग्रहस्थान आहे: दुसऱ्या कामाचे निमित्त सांगून चालू वाद सोडून जाणे. आजच्या वाहिन्यांवरच्या चर्चा पाहणाऱ्याला हे दोन्ही प्रकार ओळखीचे वाटतील.

मात्र या लक्षणातला नेमका शब्द लक्षात घ्यायला हवा. अर्थांतराची व्याख्या करताना सूत्रकार केवळ ‘दुसरा अर्थ’ म्हणून थांबत नाहीत; प्रस्तुत अर्थाशी संबंध नसलेला अर्थ, असे ते म्हणतात. पराभव संबंध तुटल्याबद्दल आहे. आणि संबंध कोणकोणत्या प्रकारचा असू शकतो, याचाही याच शास्त्रपरंपरेने बारकाईने विचार केला. ग्रंथात एका विषयानंतर दुसरा विषय का आला, याचे उत्तर देता आले पाहिजे, अशी अपेक्षा होती. त्या उत्तराला ‘संगती’ म्हणत. संगतीचे सहा प्रकार मानले गेले: प्रसंग, उपोद्घात, हेतुता, अवसर, निर्वाहकैक्य आणि कार्यैक्य. मूळ गोष्ट सिद्ध करण्यासाठी जो विचार आधी करावाच लागतो तो उपोद्घात. ऐकणाऱ्याची आधीची जिज्ञासा शमल्यावर पुढचे सांगण्याची वेळ येते तो अवसर. आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाचा प्रकार पहिला. प्रसंग म्हणजे बोलता बोलता आठवलेली आणि उपेक्षा करता येणार नाही अशी गोष्ट. यात दोन अटी आहेत. गोष्ट चालू विषयामुळेच आठवलेली असावी, आणि ती सोडून देणे योग्य नाही इतके तिचे वजन असावे. ‘प्रसंगोपात्त’ किंवा ‘ओघाने आले म्हणून सांगतो’ असे आपण आजही म्हणतो, तेव्हा नकळत याच संगतीचा दाखला देत असतो. विषयांतराला मनाई करणाऱ्या शास्त्रानेच त्याला परवाना देण्याचे नियमही घालून दिले आहेत.

खोट्या संबंधाचीही आपल्या भाषेला पक्की ओळख आहे. ‘बादरायण संबंध’ हा शब्दप्रयोग सर्वांच्या ऐकण्यातला. त्यामागची कथा अशी की एक अनोळखी माणूस एका घरी पाहुणा म्हणून उतरतो आणि नातेवाईक असल्यासारखा पाहुणचार घेतो. शेवटी नाते विचारले तेव्हा तो सांगतो की तुमच्या दारात बोरीचे झाड आहे आणि माझ्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे आहे; हाच आपला संबंध. बोरीला संस्कृतात बदरी म्हणतात, त्यावरून बादरायण. बोलण्यात जो माणूस कुठल्याही विषयावरून आपल्या आवडत्या विषयावर उडी मारतो, तो हेच करत असतो. जोडणारा एखादा शब्द दोन्हीकडे सापडतो, पण दुसऱ्या विषयामुळे पहिल्यावर काही प्रकाश पडत नाही. प्रसंगसंगती आणि बादरायण संबंध ही विषयांतराची दोन टोके आहेत. आपल्याला रोज निवाडा करायचा असतो तो या दोघांमधला.

प्रसंगसंगतीचा सर्वांत भव्य नमुना म्हणजे महाभारत. आदिपर्वातच हा ग्रंथ स्वतःबद्दल सांगतो की उपाख्याने वगळून भारतसंहिता 24,000 श्लोकांची आहे, आणि उपाख्यानांसह विस्तार एक लाखाचा. म्हणजे मुख्य कथा आणि आडकथा यांचा भेद रचणाऱ्यांना पूर्ण ठाऊक होता. तरी त्यांनी उपाख्याने ठेवली. का, हे वनपर्वातल्या नलोपाख्यानावरून कळते. अर्जुन अस्त्रे मिळवण्यासाठी इंद्रलोकी गेला आहे, द्यूतात सर्वस्व हरलेला युधिष्ठिर वनात खिन्न बसला आहे आणि माझ्याहून दुर्दैवी राजा कोणी झाला का, असे बृहदश्व ऋषींना विचारतो. उत्तरादाखल ते नळाची कथा सांगतात. नळही द्यूतात राज्य हरला, वनात गेला, पत्नीपासून दुरावला. पुढे ऋतुपर्ण राजाकडून त्याने फाशांचे रहस्य, म्हणजे अक्षहृदय, मिळवले आणि राज्य परत जिंकले. कथा संपल्यावर बृहदश्व तेच अक्षहृदय युधिष्ठिराला देतात. पुढे विराटपर्वात अज्ञातवासात युधिष्ठिर कंक नावाने विराटाच्या दरबारी राहतो तो फासे खेळण्यात निष्णात म्हणूनच. आडकथेतून मिळालेली विद्या मुख्य कथेत कामी येते. सावित्रीची कथाही अशीच जागेवर बसलेली आहे: जयद्रथाने द्रौपदीचे हरण केल्यानंतर, तिच्यासारखी पतिव्रता कधी पाहिली वा ऐकली आहे का, या युधिष्ठिराच्या प्रश्नावर मार्कंडेय ती सांगतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. हस्तलिखितांच्या पुराव्यावर तिने असंख्य श्लोक मूळ संहितेतून काढून तळटीपांत आणि परिशिष्टांत ठेवले. नळ आणि सावित्री मात्र संहितेतच राहिले. विषयांतर आहे म्हणून नव्हे, हस्तलिखितांचा आधार नाही म्हणून श्लोक वगळले गेले, हा भेद संपादनाच्या शिस्तीतही पाळला गेला.

महाराष्ट्रात ही कला ग्रंथातून माणसांपर्यंत पोहोचली ती कीर्तनाने. नारदीय कीर्तनाची बांधणी पाहिली तर ती विषयांतर आणि परतणे यांचीच रचना आहे. पूर्वरंगात कीर्तनकार एक अभंग किंवा पद घेतो आणि त्याचे निरूपण करतो. निरूपणात इतर संतांची वचने, संस्कृत सुभाषिते, व्यवहारातले दाखले, कधी चालू घडामोडी येतात. दर वळणावर तो पुन्हा त्या पदाचा चरण गातो आणि श्रोत्यांना आपण कुठे आहोत ते कळते. नामगजरानंतर उत्तररंगात आख्यान लागते. वरवर पाहता ही सर्वस्वी वेगळी कथा असते, पण तिचा शेवट पूर्वरंगातल्या सिद्धांताशी आणून भिडवणे हे कीर्तनकाराचे कसब मानले जाते. ‘मूळ पदावर येणे’ या आपल्या वाक्प्रचारात पद म्हणजे स्थान आणि पद म्हणजे गीत, असे दोन्ही अर्थ चपखल बसतात. ज्ञानेश्वरीतही हेच दिसते. गीतेच्या 700 श्लोकांवर सुमारे 9,000 ओव्यांचे हे भाष्य 1290 मधले. तेराव्या अध्यायात गीतेने ज्ञानाच्या लक्षणांत ‘अहिंसा’ हा एकच शब्द वापरला आहे. त्यावर ज्ञानेश्वर शंभराहून अधिक ओव्या खर्च करतात. यज्ञातली पशुहिंसा, औषधांसाठी झाडे मुळासकट उपटणारे वैद्यक अशा मतांचा परामर्श घेत ते अहिंसक माणसाच्या चालण्याबोलण्यापर्यंत येतात. या विस्ताराची जाणीव त्यांना आहे आणि श्रोत्यांपुढे ते त्याची बाजू मांडतात. जी गोष्ट करताना कारण देता येते, ती ताब्यात असते. भरकटलेल्या माणसाला असे कारण देता येत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. कीर्तनाला रात्र मोकळी होती, महाभारताच्या श्रोत्यांना सत्राचे दिवस होते. आजच्या ऐकणाऱ्याकडे वेळ नाही, तेव्हा विषयांतर म्हणजे त्याच्या वेळेचा अपमान. वेळेची अडचण खरी आहे, आणि श्रोत्याच्या वेळेचा मान राखलाच पाहिजे. पण त्यातून निघणारा नियम लांबीचा आहे. वेळ कमी असेल तर पाल्हाळ आधी कापावे, एकच मुद्दा तीनदा सांगणे टाळावे. नेमक्या जागी दिलेला अर्ध्या मिनिटाचा दाखला वेळ वाचवतो, कारण जी गोष्ट तीन वाक्यांच्या व्याख्येने कळत नाही ती एका उदाहरणाने कळते. जिथे वेळ सर्वांत मोजून दिला जातो, त्या लोकसभेच्या कामकाज नियमांतही ही समज आहे. नियम 356 नुसार एखादा सदस्य असंबद्ध बोलत किंवा कंटाळवाणी पुनरुक्ती करत राहिला, तर अध्यक्ष सभागृहाचे लक्ष त्याकडे वेधून नंतर त्याला भाषण थांबवायला सांगू शकतात. नियमाचा रोख असंबद्धतेत टिकून राहण्यावर आहे. पहिल्याच वळणावर बोलणे बंद करण्याची तरतूद त्यात नाही. लक्षात आणून दिल्यावर परत येण्याची संधी सदस्याला मिळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विषयांतर हे पळवाटेचे साधन आहे. रस्त्यांवरच्या खड्ड्यांबद्दल प्रश्न विचारला की उत्तर मागच्या सत्ताधाऱ्यांच्या कारभाराबद्दल मिळते. घरात खर्चाचा विषय निघाला की जुने रुसवेफुगवे बाहेर काढले जातात. अशा वेळी विषयांतराला गुण म्हणणे म्हणजे टाळाटाळीला आश्रय देणे होईल, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर शब्द अचूक वापरण्यात आहे. हे प्रकार ‘बगल देणे’ आणि ‘फाटे फोडणे’ आहेत आणि त्यांना त्याच नावाने पुकारले पाहिजे. ‘तुम्ही विषयांतर करत आहात’ असे म्हटले की समोरचा सहज म्हणतो, “विषय जोडलेलाच आहे.” ‘तुम्ही प्रश्नाला बगल देत आहात’ असे म्हटले तर त्याला प्रश्नाकडे परतावेच लागते, कारण आरोप उत्तर न देण्याचा आहे. टाळाटाळीला विषयांतर म्हणणे हा तिला दिलेला सभ्य मुखवटा ठरतो. शब्द सैल वापरल्याने चुकार माणसाचा फायदा होतो आणि प्रामाणिकपणे दाखला देणाऱ्याचा तोटा.

तिसरा आक्षेप असा की परत येण्याची कसोटी फार सोपी आहे. कोणीही तासभर भटकून शेवटी “तर मुद्दा असा की” म्हणेल आणि आपण सुटलो असे समजेल. हा आक्षेप मान्य करून कसोटी पक्की करावी लागते. नुसते परतणे पुरेसे नाही. परतताना हाती काही असले पाहिजे. युधिष्ठिराच्या हाती अक्षहृदय आले, तसे. तपासण्याची रीत साधी आहे: बाजूला गेलेला भाग मनातल्या मनात वगळून पाहावा. तो वगळूनही मूळ मुद्दा तेवढाच स्पष्ट, तेवढाच पटण्याजोगा राहत असेल, तर तो भाग नको होता. मुद्दा लंगडा पडत असेल, तर तो भाग विषयाचाच होता. लिहिताना ही कसोटी दुसऱ्या वाचनात लावता येते, बोलताना आधीच्या तयारीत.

याचा अर्थ सगळीकडे सारखीच मोकळीक असावी असा नाही. न्यायालयातल्या साक्षीत, शस्त्रक्रियेच्या नोंदीत, निविदेच्या मसुद्यात मुद्द्याबाहेरचे वाक्य नुकसान करते. मात्र लेखनाने अशा ठिकाणांसाठीही सोय केलेली आहे. तळटीप, परिशिष्ट, पत्राखालचा ताजा कलम या जागा विषयांतराला नाकारण्यासाठी नसून त्याला योग्य ठिकाणी बसवण्यासाठी निर्माण झाल्या. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे खंड काढले, तेव्हा काम जुनी पत्रे छापण्याचे होते. त्यांच्या प्रस्तावना मात्र इतिहास कसा लिहावा, पुरावा कसा पारखावा इथवर गेल्या. पत्रांच्या संग्रहाला एवढ्या चर्चेची गरज नव्हती, असे त्या वेळी म्हणता आले असते. आज मराठी इतिहासलेखनाचा विचार करणारा कोणीही त्या प्रस्तावना टाळून पुढे जाऊ शकत नाही. पत्रे पत्रांच्या जागी राहिली आणि विचार प्रस्तावनेत आला, म्हणून दोघांचेही हित झाले.

तेव्हा हा शब्द वापरताना थोडी काळजी घेऊ या. बोलणे लांबले असेल तर ‘पाल्हाळ’ म्हणा, उत्तर टाळले जात असेल तर ‘बगल’ म्हणा, ओढूनताणून संबंध जोडला असेल तर ‘बादरायण संबंध’ म्हणा. यांपैकी काहीच नसेल आणि विषय फक्त वळला असेल, तर ‘विषयांतर’ म्हणा आणि क्षणभर थांबून ऐका, कारण सांगणाऱ्याला उपेक्षा न करण्याजोगे काही आठवले असण्याची शक्यता आहे. शिक्षकांनी वहीच्या समासात हा शब्द लिहिताना त्याखाली ‘संबंध दाखव’ एवढे दोन शब्द जोडले, तर मुलाला काय खोडायचे यापेक्षा काय जोडायचे ते कळेल. आणि स्वतः बोलताना विषय सोडावासा वाटला तर माफी मागण्याऐवजी कारण सांगावे, मिळाले ते घेऊन परत यावे आणि ज्या मुद्द्यावरून निघालो तो पुरा करावा.